शुक्रवारी आम्ही कापणारच

होळी, वसई
रविवार, १३ सप्टेंबर १९४२

प्रिय फ्रेडरिक,

प्रभू तुम्हां तिघांना सुखी ठेवो. सहा वर्षांनी माझं अक्षर बघून तुझ्या मनात पहिल्यांदा बाबांचंच येईल, म्हणून आधी सांगते: बाबा आहेत. डावी बाजू अजून उठत नाही, पण पेज पितात आणि देवळाची घंटा झाली की उजवा हात कपाळाकडे नेतात. दिवसा शेजारची मालू त्यांच्यापाशी बसते, शाळा सुटल्यावर मी असते.

मुलीचं नाव लुईझा ठेवलंत असं कळलं. चार वर्षांची झाली असेल. रोझमेरी बरी आहे ना?

मला एक विचारायचं होतं. तू मुंबईच्या कोर्टात दुभाषा आहेस, सरकारी कागद कसे वाचले जातात ते तुला माहीत. इथे माझ्या ओळखीची एक बाई आहे, शाळेत शिकवते. ती एका माणसाला घरी इंग्रजी शिकवत होती. गेल्या शुक्रवारच्या आधीच्या शुक्रवारी, ४ तारखेला, पहाटे सोपारा आणि विरारच्या मधे रेल्वेच्या बाजूच्या तारा कोणीतरी कापल्या. त्या माणसाला पोलिसांनी तिथून मैलभरावर धरलं. त्याच्या पिशवीत इंग्रजीची वही सापडली. वहीत बाईनं लाल शाईनं दुरुस्त्या केल्या होत्या. फौजदारांनी विचारलं, तेव्हा ती बाई म्हणाली की अक्षर माझं नाही.

अक्षर तिचंच होतं.

आता मला विचारायचं ते असं. खोटं बोलल्याबद्दल तिला काय होईल? आणि नुसत्या वहीवरून त्या माणसाला काय होईल? तिचा एक भाऊ सरकारी नोकरीत आहे, त्याच्यावर काही येईल का?

ती बाई फार घाबरली आहे. घास उतरत नाही म्हणते. रस्त्यानं सायकलची घंटा वाजली तरी हातातलं भांडं पडतं. एवढं लिहून पाठव. हे पत्र वाचून शेगडीत घाल.

तुझी बहीण,
मटिल्डा

होळी
रविवार, २० सप्टेंबर १९४२

प्रिय फ्रेडरिक,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी, आणि त्यातली एक, ‘ती बाई कोण?’ कार्डावर असं उघडं विचारतात का रे? आमचा पोस्टमन अँथनी कार्ड वाचूनच घरात देतो. त्यानं ते माझ्या हातात ठेवलं आणि दारात उभा राहिला, मी काही सांगेन म्हणून. मी म्हटलं, आमच्या नात्यातली एक आहे, लग्नाचं चाललंय.

ती बाई मीच. तुला ते पहिल्या पत्रातच कळलं असणार.

माणसाचं नाव दिनानाथ. निर्मळचा. बावीस वर्षांचा आहे, वडील नाहीत, आई आनंदीबाई आणि तो मिळून केळीची वाडी बघतात. मॅट्रिकला दोन वेळा बसला, दोन्ही वेळा इंग्रजीत नापास. त्याला पुण्याच्या शेतकी कॉलेजात जायचं आहे. फेब्रुवारीत एक दिवस शाळेच्या फाटकापाशी टोपी हातात धरून उभा होता. म्हणाला, ‘बाई, बाकी सगळ्या विषयांत पास आहे. इंग्रजीनं अडवलंय.’ मी हो म्हटलं. मंगळवारी आणि शनिवारी, शाळा सुटल्यावर, आपल्या ओटीवर, बाबांच्या खाटेशेजारी. शाळेला सांगितलं नाही. बाहेरची शिकवणी शाळेच्या नियमात बसत नाही, आणि चौतिशीची कुमारी बाई आणि बाहेरचा तरुण माणूस हे तर कोणाच्याच नियमात बसत नाही.

मुलगा हुशार आहे. भूतकाळ त्यानं दोन महिन्यांत पक्का केला. अडला तो भविष्यकाळावर. आपण ‘मी जाईन’ म्हणतो आणि ‘मी जाणारच’ म्हणतो, फरक ऐकूनच कळतो. इंग्रजीत तोच फरक शॅल आणि विलमध्ये. ‘आय शॅल’ म्हणजे साधं, होईल ते होईल. ‘आय विल’ म्हणजे मी करणारच. आणि तुझ्याबद्दल किंवा तिसऱ्याबद्दल बोलायचं झालं की सगळं उलटं: तिथे विल साधं आणि शॅल म्हणजे हुकूम. दिनानाथ डोकं धरून म्हणायचा, ‘बाई, या लोकांना उद्याबद्दल एकदा काय ते ठरवता नाही येत?’ बाबासुद्धा हसले होते त्या दिवशी, अर्ध्या तोंडानं.

पुस्तकातली वाक्यं त्याच्या ध्यानात राहीनात. राजा उद्या लंडनला जाईल, याचं त्याला काय? मी म्हटलं, ‘तुझ्या वाडीत खरोखर जे होणार आहे ते लिही. मग चुकणार नाहीस.’ ही माझीच सूचना, फ्रेडरिक. हे विसरू नकोस.

त्यानं लिहिलं: ‘ऑन फ्रायडे वुई शॅल कट बनानाज बिफोर सनराइज.’ शुक्रवारी उजाडायच्या आत आम्ही केळी कापू. मग, माणसं केळी घेऊन लाइनीजवळ थांबलेली असतील. मग, गाडी येण्याच्या आत आमचं केळीचं काम झालेलं असेल. वाक्यं चांगली होती. पण बनानाचं स्पेलिंग तिन्ही ओळींत चुकलं होतं. चुकलेलं स्पेलिंग डोळ्यांपुढे राहिलं की तेच मनात बसतं, म्हणून मी ते नुसतं खोडत नाही, पार गिरवून टाकते. तुझ्याही वह्या मी अशाच गिरवायची, तू रडायचास. तो शब्द मी तिन्ही ठिकाणी गिरवला आणि म्हटलं, दर ओळीत केळी केळी नको, एकदा कळलं की पुरे. मग पहिल्या वाक्यातलं शॅल खोडून वर विल लिहिलं, त्याला दुसरा अर्थ दाखवायला. आणि बाजूला समासात लिहिलं: ‘शो मोअर डिटर्मिनेशन.’ अधिक निश्चय दाखव.

आता ते पान केळ्यांशिवाय वाच. शुक्रवारी उजाडायच्या आत आम्ही कापणारच. माणसं लाइनीजवळ थांबलेली असतील. गाडी येण्याच्या आत आमचं काम झालेलं असेल. आणि शेजारी लाल शाईत कोणीतरी आणखी निश्चय मागतंय.

त्या शुक्रवारी पहाटे तो घड घेऊन लाइनीपाशी गेलाच होता, सकाळच्या गाडीनं मुंबईला चढवायला. हातात कोयता. वही पिशवीत, कारण तो वाटेनं वाक्यं पाठ करायचा. तारा खरंच कोणी कापल्या ते अजून कोणालाच ठाऊक नाही.

गुरुवारी १० तारखेला फौजदार शाळेत आले. मोठ्या सिस्टरांच्या खोलीत मला बोलावलं. टेबलावर ती वही उघडी होती.

‘बाई, या भागात लाल शाईनं इतकं सुंदर इंग्रजी लिहिणारी माणसं किती असतील?’ ते म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. ‘हे अक्षर ओळखता?’

मोठ्या सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. माझ्या तर्जनीला लाल डाग होता, त्याच सकाळी सहावीच्या वह्या तपासल्या होत्या. मी हात पदराखाली घेतला.

‘नाही,’ मी म्हटलं.

‘नीट बघा.’

‘माझं नाही.’

त्यांनी विचारलं होतं की ओळखता का. मी म्हटलं, माझं नाही. बोलून गेल्यावर मला ते कळलं. त्यांनाही कळलं असावं. ते वही मिटून उठले आणि जाताना म्हणाले, ‘पुन्हा येईन.’ तेव्हापासून रोज मी तेच ऐकते आहे.

मी काय करू? लवकर लिही, आणि पाकिटातून लिही.

मटिल्डा

होळी
रविवार, २७ सप्टेंबर १९४२

प्रिय फ्रेडरिक,

पाकीट मिळालं. सगळं पत्र इंग्रजीत लिहिलंस, कोणाला कळू नये म्हणून असेल. ‘यू शॅल से नथिंग.’ तू काहीही बोलायचं नाही. शॅल लिहिलंस, विल नाही. बरोबर लिहिलंस. शिकवलं मीच तुला.

तू लिहितोस की युद्धाचे दिवस आहेत, नुसत्या संशयावरून माणसं महिनोन्‌महिने आत राहताहेत, तुझ्या साहेबाला कळलं तर तुझी नोकरी जाईल, लुईझाला घेऊन तू कुठे जाणार. सगळं खरं आहे. आणि लाज वाटते सांगायला, पण वाचून मला बरं वाटलं. कोणीतरी हुकूम दिला. आता मी गप्प बसले तर ते माझं एकटीचं काम नव्हे.

हे बरं वाटणं शुक्रवारपर्यंत टिकलं.

लाल शाई मी मोरीत ओतली. मोरी अशी लाल झाली की कोंबडं कापल्यासारखं दिसायला लागलं. तीन हंडे पाणी ओतलं तरी दगडाच्या भेगेत राहिलंच. शाळेत निळ्या पेन्सिलीनं वह्या तपासते. मुली विचारतात, ‘बाई, लाल का नाही?’ थेरेसा, जी माझ्याबरोबर पाचवीला शिकवते, तिनंही विचारलं. मी सांगितलं दौत फुटली. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःची दौत आणून माझ्या टेबलावर ठेवली आणि काही न बोलता गेली. तिनं ती माया म्हणून ठेवली की काही दाखवायला? मी दिवसभर त्या दौतीकडे पाहिलं नाही. मला आता सगळ्यांचीच भीती वाटते.

शुक्रवारी दुपारी, शाळेला सुटी होती, तर दारात आनंदीबाई. दिनानाथची आई. निर्मळहून चालत आल्या होत्या. पायांवर गुडघ्यापर्यंत चिखल.

‘आत येऊ का, बाय?’

मी आधी रस्त्याकडे बघितलं. त्यांनी ते पाहिलं. तरी आत आल्या, बाबांच्या खाटेपाशी खालीच बसल्या. पदरातून सुक्या केळ्यांची पुडी काढून बाबांच्या उशाशी ठेवली.

‘आजच भेटू दिलं त्याला,’ त्या म्हणाल्या. ‘त्याला विचारतात, लाल शाई कोणाची? तो म्हणतो माझीच. मीच लिहिलं, मीच तपासलं.’

मी बाबांच्या अंगावरची चादर सारखी केली.

‘मग त्याला लाल शाई दिली. म्हणाले लिहून दाखव. त्याचं काय तसं अक्षर येतं? येईना, तसे रूळ मारले बोटांवर. पुन्हा लिही म्हणाले. उजव्या हाताची दोन बोटं केळफुलासारखी झाली आहेत.’

‘माझं नाव...’

‘नाही घेत तो तुमचं नाव.’ त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, बाबांकडे बघत होत्या. ‘मी तुम्हाला न्यायला नाही आले, बाय. बाईमाणूस आहात, नोकरी आहे, म्हातारा बाप आहे. मला एवढंच सांगा, माझ्या पोरानं लिहिलंय काय? घरात कोणाला इंग्रजी येत नाही. सगळे म्हणतात वाईट लिहिलंय. काय लिहिलंय?’

मी सांगितलं, ‘शुक्रवारी उजाडायच्या आत आम्ही केळी कापू.’

‘एवढंच?’

‘एवढंच.’

‘मग ते तसं का वाचत नाहीत?’

फ्रेडरिक, तू दुभाषा आहेस. तू असतास तर काय उत्तर दिलं असतंस? मी उठून चूल पेटवायला गेले. चहा घेऊन आले तर त्या निघाल्या होत्या. दारातून म्हणाल्या, सोमवारी ५ तारखेला त्याला ठाण्याच्या तुरुंगात नेणार. एकदा ठाण्याला गेला की कधी सुटेल ते कोणी सांगत नाही.

केळी अजून बाबांच्या उशाशी आहेत. बाबा बोटानं दाखवतात, सोलून दे म्हणून. माझ्यानं ती पुडी उघडवत नाही.

मटिल्डा

होळी
शनिवार, ३ ऑक्टोबर १९४२

प्रिय फ्रेडरिक,

आज मी गेले होते. चौकीच्या पायरीपर्यंत. आतून कोणाचा तरी खाकरण्याचा आवाज आला आणि मी वळून बाजारात गेले, भाजी घेतली, घरी आले. भाजी नीट करताना कळलं की दोन जुड्या माठ घेतलाय आणि घरात कोणाला माठ आवडत नाही.

तुझा हुकूम मला मोडायचा आहे, म्हणून हे पत्र. थेरेसा उद्या देवळात मिस्सा झाल्यावर मुंबईला जाणार आहे, तिच्या हाती देते. तिला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून तर दौत ठेवली, तुला कोणी काही विचारू नये म्हणून.’ आणि मी तिला आठ दिवस घाबरत होते.

एक गोष्ट मी तुझ्याशी कधी बोलले नाही. तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीपाशी तू विचारलंस, ‘उद्या देवळात येशील ना?’ मी म्हटलं, ‘येणार.’ मग बाबा म्हणाले की पाचूबंदरच्या मच्छीमारांच्या घरात मुलगा देणार नाही आणि जो जाईल त्यानं परत येऊ नये. मी सकाळी साडी नेसून, वेणी घालून बसले होते. घंटा वाजली, दुसरी वाजली, मी बसूनच राहिले. बाबांनी मला धरून ठेवलं नव्हतं. ते बाहेर वेलीला पाणी घालत होते. मला नुसती भीती वाटली. तू समजत असशील की मला रोझमेरी नको होती. तसं काही नव्हतं. मी घाबरट आहे, एवढंच कारण.

त्या सकाळी बसले होते तशीच आता गेले तीन आठवडे बसून आहे.

सोमवारी सकाळी त्याला न्यायच्या आधी जाईन. तुझं नाव काढणार नाही. कोणी विचारलं तर तू सांग की बहिणीशी सहा वर्षं बोलणं नाही, ते खरंच आहे. मला ठेवून घेतलं तर बाबांना मालू दिवसा बघेल, पुढचं मला सुचत नाही. बाबांच्या औषधाची चिठ्ठी आरशामागे आहे. पेज पातळ लागते, मीठ अगदी कमी.

अक्षर माफ कर.

तुझी बहीण,
मटिल्डा

होळी
रविवार, २५ ऑक्टोबर १९४२

प्रिय फ्रेडरिक,

रोझमेरीनं तुला तोंडी सांगितलं असेल, पण तिनं बाहेरून बघितलं. आतलं मी लिहिते.

सोमवारी आठ वाजता गेले. पायरीवर थांबले नाही, थांबले असते तर परत फिरले असते. फौजदार यायचे होते. शिपायानं बाकावर बसवलं. आतल्या कोठडीत कोणी तरी होतं, दिसत नव्हतं. मला वाटत होतं तोच असेल आणि माझं पाऊल त्यानं ओळखलं असेल. नऊ वाजले, दहा वाजले. दोनदा उठून दारापर्यंत गेले. दुसऱ्यांदा शिपाई म्हणाला, ‘बाई, जायचं तर जा, नाहीतर बसा.’ मी बसले.

साडेदहाला फौजदार आले. मी उभी राहून म्हटलं, ‘लाल शाई माझी आहे.’

त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली. ‘त्या दिवशी नाही म्हणालात.’

‘खोटं बोलले.’

‘मग आज खरं कशावरून?’

त्यांनी लाल शाई आणि कागद पुढे सरकवला. ‘लिहा. शो मोअर डिटर्मिनेशन.’ मी लिहिलं. पाच वेळा लिहायला लावलं. माझा हात असा थरथरत होता की पाचांतलं एकही वहीतल्यासारखं येईना. कोंबडीनं माती उकरावी तसं. फौजदारांनी वही आणि कागद शेजारी शेजारी ठेवले आणि हसले.

‘हे तुमचं नाही, बाई. कोणी पाठवलं तुम्हाला? त्याची आई रडत आली होती ना? दया आली. घरी जा.’

फ्रेडरिक, तेव्हा मला जावंसं वाटलं. मी येऊन गेले होते, खरं सांगितलं होतं, त्यांना पटलं नाही, त्यात माझा काय दोष? दरवाजा उघडा होता. आणखी एक शब्द बोलले नसते तर दुपारी शाळेत असते.

मी म्हटलं, ‘वही द्या. ते शब्द मी का गिरवले ते दाखवते.’

‘काय लिहिलं होतं त्याखाली?’

‘केळी.’

ते आणखी हसले. ‘आता केळी म्हणा, उद्या आंबे म्हणाल. तो पहिल्या दिवसापासून केळीच म्हणतोय. पुरावा काय?’

 वही मात्र त्यांनी पुढे ढकलली होती. मी पान हातात घेतलं आणि बोटांना पाठीमागून काहीतरी लागलं. दिनानाथ टाक कुदळीसारखा धरतो. सहा महिने मी त्याला सांगत होते, हलक्या हातानं लिही, कागद फाटेल. दर अक्षराचा वळ मागच्या बाजूला उठतो. मी वरून कितीही गिरवलं, मी हलक्या हातानं गिरवते; त्याचे वळ तसेच होते.

‘खिडकीशी धरा,’ मी म्हटलं. ‘मागून बघा. उलटं दिसेल.’

त्यांनी कारकुनाला बोलावलं. कारकुनानं पान उजेडात तिरपं धरलं, पाठीमागून बोट फिरवत एक एक अक्षर वाचलं. बी. ए. एन. ए. एन. मग थांबला. पुन्हा एन. मग ए, एस.

‘यात एन तीन आहेत,’ तो म्हणाला. ‘बनानात दोनच असतात.’

‘म्हणूनच गिरवलं,’ मी म्हटलं.

दुसऱ्या ओळीत तसंच. तिसऱ्या ओळीत तसंच, तीन एन.  फौजदारांनी स्वतः पान घेतलं, खिडकीपाशी गेले आणि पाठमोरे उभे राहून तिन्ही ओळींवरून बोट फिरवलं. मला वाटलं आता सुटले. पण वळले तेव्हा त्यांचा चेहरा हसरा नव्हता, आधीपेक्षा वाईट होता.

‘म्हणजे पंचवीस दिवस तुम्हाला हे माहीत होतं.’

‘हो.’

‘आणि तो आत होता.’

‘हो.’

‘बाहेर बसा,’ ते म्हणाले.

बारा वाजता रोझमेरी आली. तिला मी ओळखलंच नाही, फ्रेडरिक. मी तिला एकदाच लांबून पाहिली होती. लुईझाला कडेवर घेऊन ती शिपायाच्या अंगावर ओरडत होती, ‘माझी नणंद हाय ती. बसवलीय तर बसवा, पन पानी तरी द्याल का नाय?’ शिपाई बाजूला झाला. ती येऊन माझ्या बाकावर बसली, तांब्या माझ्या हातात दिला. ‘बाय, पानी पी आधी. बापूसला मी पेज दिली. मीठ कमी घातलं.’   लुईझा माझ्या मांडीवर पाय टाकून झोपली. संध्याकाळी पाचपर्यंत आम्ही तिघी तशाच बसलो होतो. तू तिला पाठवलंस की ती आपली आपण आली, ते ती सांगत नाही.

त्या दिवशी दिनानाथला ठाण्याला नेलं नाही. बुधवारी सोडलं, दर सोमवारी हजेरीला जायच्या अटीवर. माझा जबाब लिहून घेतला, सही घेतली आणि घरी पाठवलं. सरकारी माणसाला खोटी माहिती दिली म्हणून माझे कागद ठाण्याला गेले आहेत. पुढे काय होईल ते फौजदारांनाही माहीत नाही. ते म्हणाले, ‘बोलावणं येईल, नाहीतर नाही येणार.’

मोठ्या सिस्टरांनी राजीनामा मागितला, मी दिला. त्या रागावल्या नाहीत. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, ‘मटिल्डा, मला का नाही सांगितलंस?’ त्यांना मी काय सांगणार की मी त्यांनाही घाबरत होते. तुझ्या साहेबांनी तुला बोलावलं होतं असं रोझमेरी म्हणाली. काय झालं ते तू लिहिलं नाहीस. वाईट झालं असेल तरी लिही. न लिहिलेल्याची जास्त भीती वाटते.

भीती गेली नाही, हे तुला खोटं सांगणार नाही. सायकल वाजली की अजून भांडं पडतं. आता मी मंगळवारी आणि शनिवारी निर्मळला चालत जाते. त्यांच्या ओटीवर, रस्त्याकडे तोंड करून शिकवते, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. आनंदीबाई शेजारी फुलं निवडत बसतात. दिनानाथची दोन बोटं वाकत नाहीत. डाव्या हातानं लिहायला शिकतोय, म्हणून सध्या तो सांगतो आणि मी लिहिते. मार्चमध्ये परीक्षा आहे. मी म्हटलं, या वर्षी नको बसूस. तो म्हणाला, ‘बाई, मग मी काय करत बसू, भीत?’

काल आम्ही बसलो होतो तर रस्त्यानं चौकीतला तोच शिपाई सायकलवरून आला, आणि ओटीसमोर उतरला. दिनानाथ बोलता बोलता थांबला. माझ्या हातातून टाक गळून वहीवर डाग पडला. शिपाई म्हणाला, ‘पाणी मिळेल का?’ आनंदीबाईंनी उठून दिलं. त्यानं तांब्या तोंडाला लावला, सगळं पाणी प्यायला, तोंड पुसलं, वहीकडे बघितलं.

‘काय लिहिताय?’

मी डाग टिपायला लागले. 

‘उद्याचं लिहिताहेत,’ आनंदीबाई म्हणाल्या आणि खाली बसून पुन्हा फुलं निवडायला लागल्या.

शिपायानं तांब्या ओटीच्या कडेला ठेवला. मग सायकलवर बसून गेला. तो वळणाआड दिसेनासा होईपर्यंत कोणी हललं नाही. मग दिनानाथनं पुढचं वाक्य सांगितलं. ते मला दोनदा लिहावं लागलं, पण लिहिलं.

तुझी बहीण,
मटिल्डा